कपाळावर सहा तारे

"चावी द्या इकडे," बायको म्हणाली.

चष्मेवाले गाडीचं दार उघडून आत बसायच्याच बेतात होते. पिशव्या मागच्या सीटवर ठेवून झाल्या होत्या. लेकीकडे निघायचं होतं, डोंगरापलीकडे, दोन तासांच्या रस्त्यानं. महिन्याची झालेली नात त्यांनी अजून पाहिली नव्हती.

"कशाला?"

"आधी सांगा, गाडीच्या कपाळावर तारे किती?"

त्यांना हसूच आलं. हा प्रश्न मुळात त्यांचा. चष्म्याच्या दुकानात बसून त्यांनी तो चाळीस वर्षं येईल त्याला विचारला होता आणि उत्तराची वाट न बघता गोष्ट सुरू केली होती. जपानात म्हणे विमानं बनवणारी मंडळी होती. लढाई संपली, विमानांवर बंदी आली. मग त्यांनी स्कूटर केल्या, मोटारी केल्या. पाच कंपन्या मिळून सहावी झाली आणि गाडीला नाव मिळालं कृत्तिकांचं. बिल्ल्यावर एक मोठा तारा, पाच छोटे. "चष्मे नव्हते ना, तेव्हा लोक कृत्तिका मोजून नजर तपासायचे," गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत ते सांगायचे. "सहा दिसल्या की नजर ठीक. सातवी दिसली तर भाग्यवान. माझी गाडी कपाळावर नजरेची परीक्षा घेऊन हिंडते!" दुसऱ्या कुठल्या गाडीकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

तीन वर्षांपूर्वी परीक्षक स्वतःच नापास झाले. जिथं बघावं नेमकं तिथंच धुकं. कडेकडेचं तेवढं दिसायचं. माणसांचे खांदे उरले, चेहरे विरघळून गेले. रस्त्यावरचे दिवे पाण्यात सांडलेल्या रंगासारखे पसरत जायचे. खरं सांगायचं तर जग इतकं सुंदर त्यांना कधीच दिसलं नव्हतं.

हे ते कुणाला बोलले नाहीत. बोलले असते तर आधी चावीच गेली असती, आणि चावी गेली की उरला खुर्चीतला एक म्हातारा. परवान्याच्या कचेरीतला अक्षरांचा तक्ता त्यांच्याच दुकानातून गेलेला. अगदी खालच्या ओळीपर्यंत तोंडपाठ. त्यांनी तो धडाधड म्हणून दाखवला, तर साहेबांनी वर त्यांचं कौतुक केलं.

बाकीचं काम बायकोच्या जिभेनं भागायचं. गाडीत बसली की तिची टकळी सुरू. "अगंबाई, लागला बघा लाल." "ही छत्रीवाली बघा, कशी मध्येच घुसते." "डावीकडे दुधाची गाडी अजून उभीच आहे वाटतं." माहेरी आलेली लेक मागं बसून वैतागायची, "आई, जरा गप्प बस की!" चष्मेवाले मनात म्हणायचे, नको गं बाई, गप्प नको बसूस. म्हातारपणी बायकांना बोलायची हौस येते, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि आपल्या नशिबावर ते खूश होते. बाजार, पोस्ट, दवाखाना, सगळं त्या टकळीवर चाललं होतं. गाडी धुणं-पुसणंही तिनंच आपल्याकडे घेतलं होतं.

गेले चार महिने ती मंगळवारी आणि शुक्रवारी विणकामाच्या क्लासला जायची. घरात एक मोजासुद्धा आला नव्हता. पण ते विचारत नसत. न जाणो, मोजे समोरच असायचे आणि आपल्यालाच दिसत नसायचे.

"सांगा ना, तारे किती?"

"सहा. एक मोठा, पाच छोटे."

तिनं त्यांचं मनगट धरलं, त्यांना गाडीच्या पुढं नेलं आणि त्यांची बोटं त्या गार बिल्ल्यावर टेकवली. मोठा तारा लागला. मग एक, दोन, तीन, चार. पाचव्याच्या जागी नुसती खाच होती. त्यांनी पुन्हा मोजलं. बोटांना तक्ता पाठ नव्हता.

"ट्रकच्या चाकाखालचा खडा उडाला होता, गेल्या वर्षी," ती म्हणाली. "रस्त्यावरचं सगळं तुम्हाला सांगत आले. एवढं एकच सांगितलं नाही. म्हटलं, दिसलं तर तुम्हीच बोलाल."

त्यांचे कान तापले. आधी राग आला, मग लाज वाटली. ते बॉनेटला टेकून उभे राहिले.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"अहो, बाजारापर्यंत माझी जीभ पुरते. डोंगरात नाही पुरायची. नातीला बघायचंय ना?"

चावी त्यांच्या मुठीत गरम झाली होती. त्यांनी मूठ उघडली. तिनं चावी उचलली आणि त्या जागी एक गुळगुळीत कार्ड ठेवलं.

"हे काय?"

"माझं विणकाम. परवाच मिळालं."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसले. तिनं दोनदा आरसा नीट केला, एकदा गाडी बंद पाडली, मग निघाली. गल्ली सरली, बाजार सरला. सकाळच्या उजेडात दुधाळ, मऊ घरं काचेवरून मागं वाहत होती. विमान ढगात शिरताना असंच दिसत असेल, असं त्यांना वाटलं. ते टकळीची वाट बघत राहिले. सिग्नल आला, गेला. डोंगराचं पहिलं वळण आलं. ती चकार शब्द बोलली नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात एक मुलगी चष्मा करायला आली होती. तक्त्यावरची अक्षरं ती इतकी हळू वाचत होती की त्यांना तीनदा म्हणावं लागलं होतं, जरा मोठ्यानं. मग तिच्याशी लग्न झालं, लेक झाली, लेकीचं लग्न झालं. त्या मुलीचा आवाज काही वाढला नाही. ती बोलली फक्त ही तीन वर्षं, आणि तीही फक्त या गाडीत.