पाचव्या महिन्याचं टेबल

गेल्या खेपेला पाचव्या महिन्यात, याच टेबलावर माझ्या बाळाचे ठोके थांबले होते. सासूबाई म्हणाल्या, "दवाखाना बदल." मी बरी ऐकेन!

नर्सबाईंनी पोटाला गार जेल चोपडलं, यंत्र टेकवलं. ठोके भरधाव पळत होते.

"ठणठणीत आहे," म्हणत त्यांनी यंत्र बंद केलं.

ठोके चालूच राहिले.

"जुनं झालंय मेलं." त्यांनी वायरच उपटली.

ठोके टेबलाखालून येत होते.

"उतरा ताई, घरी जा," नर्सबाई दाराकडे सरकत म्हणाल्या.

"जाते की. पण या खेपेला रिकाम्या हातानं नाही."

मी उतरले, गुडघ्यांवर बसले, टेबलाखालच्या अंधारात हात घातला. "चल रे, घरी जाऊ."

एका इवल्याशा गार मुठीनं माझं बोट धरलं.