तिसरी पिन

"जगातला सूक्ष्मातला सूक्ष्म फरकसुद्धा यापुढे लपून राहणार नाही!" असं चिप डिझायनरने भर मीटिंगमध्ये जाहीर केलं, तेव्हा त्याच्या दोन पायांत दोन रंगांचे मोजे होते.

त्याच्या चिपचं काम एवढंच, की दोन वीजप्रवाहांतला मोठा कोणता, हे नाममात्र बॅटरी खर्चून सांगायचं. पण तीन दिवस झाले, एक प्रवाह दुप्पट केला तरी तिचं उत्तर ठरेना. उत्तर दाखवणारा दिवा आपला लागायचा, विझायचा. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही तर दोन वर्षांचं काम बासनात जाणार होतं.

"ताई, हात मागे घ्या. नुसतं बोट जवळ आलं तरी हिला कळतं."

"अहो, मी इथे दाराशी उभी आहे!" लॅबमधल्या ताई म्हणाल्या.

एकेक तार तपासत तो तिसऱ्या पिनपाशी आला. तिथला रेझिस्टर चुकीचा होता, आणि तो त्यानेच स्वतःच्या हाताने बसवला होता. त्याने गुपचूप बदलला. दिवा लुकलुकतच राहिला.

"मोठे साहेब असं गुपचूप चालू द्यायचे नाहीत," महिन्याभरापूर्वी वारलेल्या साहेबांच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत ताई हळूच म्हणाल्या. "चूक दिसली की तिथे बोट टेकवायचे, आणि समोरचा 'चुकलो' म्हणेपर्यंत उचलायचे नाहीत."

त्याने लुकलुकत्या दिव्याकडे पाहिलं, मग तिसऱ्या पिनकडे, मग स्टुलाकडे.



"चुकलो, साहेब," तो स्टुलाला म्हणाला. "आता तेवढं बोट उचला, मला रीडिंग घ्यायचंय."