न हलणारी नळी

"कापूस पांढराच आहे," इन्साफ म्हणाली. नळीच्या पोटातून फिरवून काढलेला बोळा तिने इंजिनियर जिहानच्या नाकासमोर धरला. "वासही नाही."

जिहानने हुश्श केलं. मागच्या हंगामात मोटारीच्या मिक्सरने घात केला होता. त्याचा दांडा पाइपात शिरतो तिथे आंब्याचा गर अडकला, आंबला, आणि रसाचे दोन ट्रक कैरोहून परत आले. शनिवारी इस्माइलियाचा आंबा येणार. पुन्हा मोटारवाला घ्यायचा की ही बिनमोटारीची नळी, ते आजच ठरवायचं होतं.

"स्वच्छ असेल हो," उस्ता बदवी म्हणाला. एकतीस वर्षं रस ढवळलेला मुरलेला कारागीर. "पण ढवळणार कोण? आत नुसती पिळलेली पाती, तीही जाम बसवलेली. न हलता कधी काही मिसळतं का? माझी सासूसुद्धा चहात चमचा फिरवते."

"माझ्या आईला मध्ये आणू नकोस," इन्साफ म्हणाली.

बाटल्यांवरच्या बायका खिदळल्या. बदवीला चेव आला.

"ह्या नळीनं गर नि पाक एकजीव केला, तर माझ्या बायकोला तलाक!"

बाटल्यांवरचे हात थांबले. अशी शपथ खोटी पडली की तलाक पडतो, हे तिथे लहान पोरालाही माहीत.

"शब्द मागे घ्या, उस्ता," जिहान म्हणाली.

"बोललो ते बोललो."

इन्साफने साखर मोजायचं भिंग कोटाला पुसलं. "पंप सुरू करा," ती म्हणाली.

नळीच्या अलीकडे एक काच, पलीकडे एक. अलीकडच्या काचेत पिवळा गर आणि नितळ पाक शेजारून वाहत होते, भांडलेल्या जावांसारखे. मग नळी. ना आवाज, ना थरथर. पलीकडच्या काचेत एकच रंग.

बदवीने नळीला कान लावला. मग तळवा.

"हे करतंय कोण?" त्याने हळूच विचारलं.

"पहिलं पातं धारेचे दोन भाग करतं," जिहान म्हणाली. "दुसरं चार. तिसरं आठ. बाराव्यापर्यंत चार हजारांवर थर, एकेक केसाहून पातळ. पदरांच्या फतीर रोटीच्या पिठाला घड्या घालतात ना, तसं. फक्त इथं घड्या रस स्वतःच घालून घेतो, धावता धावता."

इन्साफने नळीपलीकडच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या तोटीतून थेंब घेतले. भिंग उजेडाकडे धरलं. तिन्हींत साखर सारखी भरली, तरच रस एकजीव. एखादा आकडा तिने वेगळा सांगितला असता तरी कुणी तपासायला आलं नसतं.

"साडेतेरा."

"साडेतेरा."

तिसऱ्याला ती थांबली. काच पुसली. पुन्हा पाहिलं.

"साडेतेरा."

जिहानने कागदावर नळीसमोर खूण केली. मान काही वर केली नाही.

"ऐकलंस ना?" इन्साफ नवऱ्याला म्हणाली. "चल आता मशिदीतल्या शेखांकडे. मी आज कुणाच्या घरी जायचं, ते सांगतील."

"जाऊ." बदवी काचेपासून हललाच नव्हता. "आधी इकडे ये. बघ तरी, काय होतंय."

ती गेली. त्याच्यापासून हातभर लांब उभी राहिली, आणि वाकून बघायला लागली.