शेवटचा पिवळा दिवा

"उशीर," मर्ल म्हणाला आणि वेळेची चिठ्ठी लाइलच्या हातात दिली. "पुन्हा पाव सेकंद. हिरव्याची वाट बघत बसलास."

"मग कशाची बघू? हिरवा म्हणजे निघा."

"ते रस्त्यावर. इथे ओळीतला शेवटचा पिवळा दिवा पेटला की ब्रेक सोडायचा. पाय उचलून चाक हलेपर्यंत हिरवा लागतोच."

लाइलने चिठ्ठी चुरगळून खिडकीबाहेर टाकली. दोन-दोन गाड्यांची सरळ रेषेत शर्यत लावायच्या इंडियानातल्या या पट्टीवर तो सतरा वर्षं दर रविवारी गाडी पळवत होता आणि जवळजवळ दर रविवारी पहिल्याच फेरीत हरत होता. हरला की गाडी ट्रेलरवर चढवायची आणि घरी जायचं. पहिली फेरी अकराला असायची. साडेअकराला लाइल घरात.

मर्ल त्याच्या बायकोचा, डार्लीनचा मोठा भाऊ. एके काळी तीन वर्षं याच पट्टीवर पहिला आलेला. इतक्या वर्षांत त्याने लाइलला काही शिकवलं नव्हतं. या एप्रिलमध्ये तो आपणहून आला.

"आत्ताच कशी दया आली रे मेव्हण्या?" लाइलने विचारलं होतं.

"पन्नाशी आली तुझी. एक तरी कप घरात दिसू दे."

लाइलला तेच हवं होतं. कप स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवायचा, डार्लीनच्या डोळ्यांसमोर. "एकदा मी हरून आलो तर हसली होती," तो म्हणाला. "त्यानंतर नाही हसली."

दर बुधवारी दुपारी दोघं सरावाला येऊ लागले. मर्लने मागच्या टायरांतली हवा कमी केली. किती आवाजावर इंजिन धरून ठेवायचं ते कानाने ओळखायला शिकवलं. पहिल्या साठ फुटांना लाइलला एक पूर्णांक नव्वद सेकंद लागत होते.

"पेडल दाबायचं. लाथ नाही मारायची. चाकं जागेवर फिरतात आणि तू तिथेच राहतोस."

"हळूपणा माझ्या अंगातच नाही. तुझ्या बहिणीला विचार."

मर्ल खाली बसून पुन्हा टायरची हवा बघू लागला.

जूनमध्ये लाइल पहिली फेरी जिंकला, जुलैमध्ये दोनदा दुसरीपर्यंत गेला. पण मर्लला आणखी एक गोष्ट खटकत होती. दर धावेनंतर लाइल खाण्याच्या गाडीशेजारच्या फोनवर जाऊन घरी फोन करायचा. डार्लीनने उचलला की "ठीक" म्हणून ठेवायचा.

"काय प्रेम आहे!" शर्यतीत उतरणारा बड क्रेनशॉ तळलेल्या मांसाचं टेंडरलॉइन सँडविच खाता खाता ओरडायचा. "आमची तर मी मेलो तरी फोन उचलणार नाही!"

"काळजी वाटते," लाइल म्हणायचा. "मार्चमध्ये जिन्यावरून पडली. मनगट मोडलं. धड चालता येत नाही बाईला."

"फोन बंद," मर्लने ऑगस्टमध्ये सांगितलं. "अर्धं डोकं घरी ठेवून दिवे दिसत नाहीत. जिंकायचंय की गप्पा मारायच्यात?"

लाइल दोन दिवस रुसला. मग म्हणाला, "ठीक आहे. शेजारी आई आहेच. ती बसते ओसरीवर, घराकडे लक्ष ठेवून."

पुढच्या बुधवारी चिठ्ठीवर एक पूर्णांक सत्तर आलं. लाइल ती चिठ्ठी पाकिटात घालून घरी घेऊन गेला.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हंगामाची अखेरची शर्यत होती. बत्तीस गाड्या, पाच फेऱ्या. मर्लचा चेहरा सकाळपासून उतरलेला होता.

"तुला काय झालं? गाडी मी चालवणार आहे," लाइल म्हणाला. "आणि इर्मा कुठाय? आज तिची पाई नाही?"

इर्मा मर्लची बायको. ती दर रविवारी ऱ्हुबार्बची आंबटगोड पाई भाजून विकायला आणायची.

"अंग दुखतंय तिचं. तू दिव्यांकडे बघ."

अकराला पहिली फेरी. समोर बड क्रेनशॉच होता. "ट्रेलरची फळी खालीच ठेव, लाइल, लगेच गाडी चढवायला लागेल!" तो ओरडला. मर्ल कठड्याला धरून उभा राहिला. शेवटचा पिवळा पेटला, लाइलची निळी नोव्हा गाडी जागेवरून सुटली आणि लाइल गाडीभर पुढे निघून गेला. मर्लने कठडा सोडला. तो तिथेच जमिनीवर बसला.

"अरे, पहिलीच फेरी आहे," कोणीतरी हसलं.

दुसरी फेरी जिंकली. तिसरी जिंकली. चौथीत समोरच्याने घाईत आधीच गाडी सोडली आणि तांबडा दिवा लागून बाद झाला. शेवटच्या फेरीत लाइलला पहिल्या साठ फुटांना एक पूर्णांक बासष्ट सेकंद लागले. संबंध हंगामात त्याची गाडी इतकी चांगली सुटली नव्हती. लाउडस्पीकरवर त्याचं नाव दोनदा पुकारलं.

तो कप बगलेत मारून आला तेव्हा तीन वाजले होते. त्याने मर्लच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? आता सांगतोच तिला. आता तर फोन करू देशील?"

तो फोनकडे गेला आणि बराच वेळ तिथेच उभा राहिला. परत आला तेव्हा त्याची मान लाल झाली होती.

"उचलत नाही. तीनदा केला. घरी गेल्यावर बघतो तिच्याकडे."

"ती घरी नाही," मर्ल म्हणाला. आता त्याचा आवाज शांत होता. "तुझी आई चर्चला गेल्यावर इर्माने तिला सामानासकट गाडीत बसवलं. सव्वाअकराला दोघी इथून तुझ्या घरी जाणाऱ्या रस्त्यावरच होत्या. पहिली फेरी हरला असतास, तर त्या तुला समोरूनच येताना दिसल्या असत्या."