अण्णांसकट फोटो

नवा सोफा खिडकीपाशीच ठेवायचा होता, म्हणून तिथली अण्णांची आरामखुर्ची विकून टाकायचं लेकाने आणि सुनेने परस्पर ठरवलं. हे कानावर आल्यापासून अण्णा जेवणापुरतेच काय ते खुर्चीतून उठत होते.

"अण्णा, जाहिरातीला फोटो काढायचाय, दोन मिनिटं उठा ना," लेकाने विनवलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

शेवटी वैतागून लेकाने त्यांच्यासकटच फोटो काढला. मोबाइलमध्ये अ‍ॅप होतं. बोट टेकवलं की नको ते सगळं गायब आणि हवी ती वस्तू तेवढी पांढऱ्यावर शिल्लक. त्याने बोट टेकवलं, खाली 'आरामखुर्ची विकणे आहे' असं लिहिलं आणि पुन्हा न बघताच जाहिरात टाकून दिली.

अ‍ॅपने खुर्ची पुसली होती आणि अण्णांना ठेवलं होतं. पांढऱ्याशुभ्र पोकळीत अण्णा पाय पसरून निवांत पहुडले होते.

तासाभरात एका बाईंचा फोन आला, तेव्हा कुठे हा घोळ लेकाच्या लक्षात आला. फोन स्पीकरवरच होता.

"माफ करा हं, फोटो चुकलाय. खुर्चीचा लगेच पाठवतो."

"खुर्ची नको हो, खुर्च्या पडून आहेत आमच्याकडे," बाई म्हणाल्या. "ते आजोबा अजून आहेत का, की कोणी नेले?"



 

अण्णांनी एक डोळा उघडला. "त्यांची खुर्ची खिडकीपाशी आहे का, तेवढं विचार."