पंधरा नावं

धुळ्याहून आलेल्या साहेबांनी शाळेच्या ओट्यावर जमलेल्या गावापुढे कोरा कागद धरला. मनाच्या आजारांवर आणि दारू सोडवण्यासाठी गावात दवाखाना निघणार होता, सरकार अनुदान देणार होतं. अट एकच: निदान पंधरा जणांनी आज नावं द्यायची.

सरपंच झुलाल आबांनी हात जोडले. "साहेब, आमना गावमा असा कोनीच नही."

साहेब कागदाची घडी घालू लागले, तशी बायकांमधून आबांची बायको यशोदाबाई उभी राहिली. "मन्हं नाव लिखा. दोन वरीस झोप नही. दोनदा जीव देवाले विहिरीवर जाइसन परत उनू."

मग मागून आवाज आला, "मन्हं बी लिखा." बायकांमधल्याच पुष्पाबाईनं आपल्या दारुड्या भावाचं नाव सांगितलं. मग हात वर होतच राहिले, जो तो आधी आपलं लिहा म्हणू लागला. साहेबांनी हसत दुसरा कागद मागितला.

चाळिसावं नाव झालं, तेव्हा आबा उठले. चारचौघांत त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं.

"यशोदाना नावना शेजारे मन्हं लिखा, साहेब. रोज दारू पेस मी."