भेग खाणारा रंग

पांड्या पेंटरनं मागच्या भिंतीवर तीन रंगांचे तीन चौकोन मारले, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि म्हणाला, आता बोला, कोणता?

काकड्यानं चौकोनांकडे पाहिलंच नाही. तो भेगेकडे बघत होता.

तळासरीकडच्या त्या पाड्यावर जमीन रोज अंग मोडते. चुलीवरचं कालवण ढवळायला पळी लागत नाही. सुपातले तांदूळ आपले आपण पाखडले जातात. एकदा तर काडी आणि बिडी एकमेकींना भेटेचनात, तेव्हा काकड्यानं बिडी न पेटवताच चावून संपवली. अशा जमिनीवर त्याच्या पोरानं, संदीपनं, कारवीच्या काठ्यांचा लिंपलेला कूड पाडून सिमेंटचं घर उभं केलं. कूड डुलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. सिमेंटला डुलता येत नाही, ते फाटतं. मागच्या भिंतीला ना दार ना खिडकी. तिच्यात जमिनीतून निघालेली भेग फांद्या फोडत छपराला भिडायला आली होती. तिच्यात शिरलेली कोंबडी पिल्लं घेऊनच बाहेर आली, असं पाड्यात सांगतात. कोंबडी खोटी असेल. भेग खरी होती.

हादरा बसला की काकड्या कोळशानं भेगेच्या टोकाशी रेघ मारायचा. पुढच्या हादऱ्यानंतर भेग रेघ ओलांडून गेलेली दिसली, तर सगळ्यांनी अंगणात ताडपत्रीखाली झोपायचं. जिथल्या तिथं असली, तर घरात. त्या घरात एवढाच कायदा होता.

संदीपला भेगच नको होती. त्याची बायको रविना बाळंतपणाला माहेरी गेली होती, ती परत आलीच नव्हती. तिचा बाप जीवन एकदा घर बघायला आला, भेगेत कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढून पँटला पुसला आणि चहा न घेता उठला. भिंत धड झाली की पोरीला आणि नातवाला पाठवतो, एवढंच बोलून गेला. तेव्हापासून संदीप आपलं पोर फोनवर बघत होता.

पांड्यानं एकेक रंग समजावून दिला. हा पांढरा. हा चिकूच्या सालीचा. आणि हा गडद हिरवा, खास डहाणूहून आणलेला, रबरासारखा ताणला जातो.

"आत भिंत फुटली तरी वरून रंग फाटत नाय, काका. भेग खातो हा."

"आणि त्याचं पोट भरलं म्हणजे?" जिजानं, काकड्याच्या बायकोनं विचारलं.

पांड्या हसला. काकड्या उठला आणि त्यानं पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. हा घे, नायतर नुसता चुना मार, म्हणाला. पांड्यानं त्याला समजावलं की पांढऱ्यावर केसाएवढी भेगसुद्धा उठून दिसते.

"म्हणूनच. दिसली तर बाहेर पळेन. नाय दिसली तर आत झोपेन."

संदीपनं आवाज चढवला नाही.

"बाबा, तुला भेग बघायचीय. मला माझं पोर बघायचंय."

काकड्याचं बोट खाली आलं.

पांड्यानं भेगेत पुट्टी भरली, वर जाळी चिकटवली, कोळशाच्या रेघा घासून काढल्या आणि आतून-बाहेरून हिरव्याचे दोन हात दिले. काम असं झालं की शेजारच्या सोमीची शेळी पाला समजून भिंत चाटून गेली.

जीवन पोरीला आणि नातवाला रिक्षातून घेऊन आला. भिंतीवरून हात फिरवला, मुठीनं ठोकून पाहिलं. आता घर वाटतं, व्याही, म्हणाला आणि या वेळी चहा घेतला. रिक्षा वळून गेली तरी रविना अंगणातच उभी होती. पोर खांद्यावर झोपलं होतं.

"बाबा," तिनं काकड्याला हळूच विचारलं, "ती भेग नेमकी कुठं होती? झोळी तिच्यापासून लांब बांधते."

सगळे आत गेले. संदीपनं मागच्या भिंतीवर बोट दाखवलं. जिजा म्हणाली, तिथं नाय, इथं, आणि दुसरीकडेच दाखवलं. काकड्या भिंतीजवळ गेला. त्यानं तळहात टेकवला आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरकवत नेला, मग तसाच मागं आणला. अर्ध्यावर थांबला. हाताला काहीच लागेना.

तेवढ्यात खालून गुरगुर आली. मांडणीवरची भांडी वाजली. रविनानं पोराचं डोकं छातीशी दाबलं. सगळे भिंतीकडे बघत राहिले. भिंत हिरवीगार होती, सपाट होती.

भांडी थांबली.

"काय झालं नाय," संदीप म्हणाला.

काकड्यानं भिंतीवरचा हात काढला नाही.

"कशावरून?"